मदत हवी आहे: बहिणीला दूध खरंच कमी आहे का? वरचं बंद करता येईल का?

माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर झालं, बाळ अजून महिन्याचंही नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच पाजायचं, वरचं पाणीसुद्धा नाही, असं तिने आधीपासून ठरवलं होतं. पण ऑपरेशननंतर बाळाला नर्सरीत नेलं आणि ती वॉर्डात येईपर्यंत त्याला फॉर्म्युला पाजूनही झाला होता, पुढचे दोन दिवस नुसता चीक येत होता त्यामुळे "दूधच नाही" म्हणत वरचं चालू राहिलं ते आजतागायत चालू आहे. संध्याकाळ झाली की बाळ रडत राहतं, आत्ता पाजून खाली ठेवलं की लगेच परत तोंड उघडून शोधतं. पंप लावला तर बाटलीचा तळ जेमतेम झाकतो. तिच्या सासूबाई जीव लावून सगळं करतात, पण "त्याचं पोट भरत नाहीये गं" हे दिवसभर कानावर पडतं आणि ती खचत चाललीये. हे खरंच कमी दूध आहे का? आणि इथून पुढे पूर्ण अंगावर आणता येईल का? ज्या या सगळ्यातून गेल्यात त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
ताई, आधी बहिणीला सांग की यात तिच्या शरीराचा दोष नाही. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावावं असं डब्ल्यूएचओ सांगते, पण सिझरनंतर आई आणि बाळ वेगवेगळ्या खोल्यांत असले की ते राहूनच जातं. पान्हा फुटायला तसेही दोन ते चार दिवस लागतात, सिझरमध्ये थोडा उशीरही होतो, आणि तोवर तो थोडासा चीकच पुरतो कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं. वरचं दिलं की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूधही कमी बनतं.
पंपात किती आलं यावर अजिबात जाऊ नका, बाळ नीट ओढत असेल तर पंपापेक्षा कितीतरी जास्त काढतं. संध्याकाळी सारखं मागणं आणि छाती मऊ लागणं यावरूनही दूध कमी आहे असं ठरत नाही. दिवसाला सहा तरी लंगोट नीट ओले होतात का आणि वजन वाढतंय का ते बघा. जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं.

प्रतिसाद २:
वरच्या ताईंशी सहमत, फक्त फॉर्म्युला एकदम तोडू नका!! डॉक्टरांना विचारून, वजन बघत बघत हळूहळू कमी करा. २४ तासांत ८ ते १२ वेळा अंगावर घ्यायचं, रात्रीचं पाजणं तर चुकवूच नका, दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. पाजताना दुखतंय का तिला? दुखत असेल तर पकड चुकतेय. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. लॅक्टेशन कन्सल्टंटला (स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला) समोर बसून बघू दे, फोनवर हे कळत नाही. बाळ मलूल वाटलं, पिवळं दिसलं किंवा शू कमी झाली तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघींचे. लंगोट ओले होतात भरपूर, वजन उद्याच करून घेते. दुखतं तिला, पण सगळ्यांना दुखतंच असं समजून ती बोललीच नव्हती. सासूबाईंनाही कन्सल्टंटकडे बरोबर नेऊ का? दिवसभर बाळाजवळ त्याच असतात.

प्रतिसाद १:
नक्की ने. घरातलं मोठं माणूस बाजूने असलं की आईला खूप धीर येतो, आणि पकड कशी हवी हे त्यांनी एकदा बघितलं की रात्री दोन वाजता बाळ छातीला लावून द्यायला त्याच मदत करतील. वजन केलंस की इथे लिही.