रोपे लावल्यानंतरचे काम
शाळेच्या उपक्रमांना ठरावीक चारच माणसे येतात, कारण इतरांना आस्थाच नाही, अशी तक्रार ऐकू येते. त्यातले निरीक्षण खरे आहे. पण इतरांना आस्था नाही, हा निष्कर्ष पटत नाही. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ हे आवाहन कोणालाच स्वतःसाठी वाटत नाही, तर शनिवारी सकाळी कुंपणाची तार ओढायला तिघे हवेत, असे सांगितले की माणसे मिळतात. शाळेतल्या वृक्षारोपणाबाबत एक मुद्दा राहून जातो: रोपांना पहिली 2 ते 3 वर्षे नियमित पाणी लागते आणि ऐन उन्हाळ्यात, दीर्घ सुट्टीमुळे, शाळेला कुलूप असते. आमच्या शाळेत भिंतीलगतच्या घरांना पाण्याच्या पाळ्या वाटून फाटकाची एक किल्ली त्यांच्याकडेच ठेवली, त्यामुळे मुख्याध्यापकांना सुट्टीत हेलपाटे घालावे लागले नाहीत.