पाय धुण्याचा विधी देखावा का वाटतो?

कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाय धुतात, तो नुसता देखावा वाटतो, अशी एकाची तक्रार आहे. वाटणारच, घरून घासून आणलेल्या पावलांवर चमचाभर पाणी शिंपडलं की दुसरं काय होणार! बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पुसतोही. त्याला दगा देणारा शिष्य यहूदा तेव्हा तिथंच होता, हे पाय धुण्यासाठी माणसं निवडताना विसरतात. 12 शिष्यांच्या जागी बसवलेल्या 12 जणांना 12 कोरडे पंचे ठेवा. मधुमेही म्हाताऱ्यांना बऱ्याचदा चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी आपल्या कोपरावर बघा. बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या तर चिखल्या होतात. त्या पुसायला नीट वाकावं लागतं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. शेवटी त्यांच्या चपला आपणच त्यांच्या पायाशी सरकवायच्या, मंडळीच्या पाळकसाहेबांनीसुद्धा.