गोष्टीच्या गेममध्ये मारामारी: काढायची की ठेवायची?

घोडबंदरचा_निशाचर
काल इथे एकाने लिहिलं, "कथाप्रधान गेममध्ये फायटिंग म्हणजे पंगतीतून उठवून उठाबशा काढायला लावणं. सरळ काढून टाका." त्यावर लोकांनी टाळ्याही वाजवल्या. झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितो.

'मंकी आयलंड' हा चाच्यांचा गेम आठवा. १९९०. तलवारबाजी आहे, पण जिंकायचं ते टोमण्याला चपखल उत्तर देऊन. टोमणे शिकायचे कुठून? हरून! वाटेतल्या चाच्यांकडून अपमान करून घ्यायचा, तो पाठ करायचा आणि पुढच्याला ऐकवायचा. शेवटी तलवारीतली उस्ताद बाई भेटते. तिचे टोमणे सगळे नवे, उत्तरं मात्र तुमची जुनीच, आणि त्यातलं कुठलं कुठे बसतं ते ओळखायचं. ही मारामारी काढली तर त्या बेटावर उरलं काय?

हरल्यावर नुसतं 'पुन्हा लोड करा' येतं, ती मारामारी भिकार. सगळ्यांना एकाच सुळावर चढवू नका.

वाशी_सेक्टर१७
दादा, उठाबशांचं मीच लिहिलं होतं. आता कारण ऐका. आई ६३ वर्षांची, मनगट धरतं. लॉकडाऊनमध्ये तिला एक तपासाचा गेम लावून दिला. खुनी कोण ते तिने माझ्या आधी ओळखलं. मग पाठलाग आला, धडाधड बटणं दाबायची. अकरा वेळा मेली. "तुझं तू कर, मी कुकर लावते," म्हणाली. त्यानंतर कंट्रोलर हातात घेतला नाही. 'एल. ए. न्वार'मध्ये २०११ सालीच सोय होती, तीनदा हरलात की हाणामारीचा भाग सोडून पुढे जा. बाकीच्यांना काय धाड भरली?

घोडबंदरचा_निशाचर
आईंचं मान्य. पण सगळंच सोडता आलं की भीती संपली. त्यापेक्षा १९९२ चा 'फेट ऑफ अटलांटिस' बघा. जोडीनं, डोक्यानं की मुठीनं, वाट आधीच निवडायची.

ऐरोली_तिसरा_मजला
तीन वाटा म्हणजे तिप्पट लिखाण, तिप्पट टेस्टिंग. बोलायला काय जातं! आम्ही तिघंच, तेही ऑफिस सुटल्यावर. आमचा गेम ठाणे-वाशी लोकलमधला आहे. लढाई चौथ्या सीटची, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची. समोरच्याला 'हेल्थ' (मार खाऊन कमी होणारा जीव) नाही, 'संकोच' आहे. "जरा सरकता का?" म्हटलं की तो मोबाईलवरून नजर न काढता बोटभर सरकतो. हरलात तर उभं राहायचं. पण उभं राहिलं तरच दारातल्या दोघांचं बोलणं ऐकू येतं, आणि गोष्टीची किल्ली तिथे आहे.

तलावपाळी_कट्टा
ट्रान्सहार्बरला, म्हणजे ठाणे-वाशी लाईनला, चौथी सीट?? गाडी ठाण्यातूनच सुटते, आरामात बसा की. चौथी सीट म्हणजे मेन लाईन. माझ्या वडिलांनी २८ वर्षं अर्ध्या मांडीवर काढली, डोंबिवली ते दादर.

ऐरोली_तिसरा_मजला
संध्याकाळी सातला ऐरोलीहून ठाण्याकडे चढून दाखवा. रबाळे-घणसोलीलाच गाडी भरलेली असते.

घोडबंदरचा_निशाचर
आणि ते सीट मिळावी म्हणून आधी उलट दिशेला जाऊन त्याच गाडीच्या रिटर्नने बसून येणारे? खरे व्हिलन ते! त्यांना घ्या गेममध्ये.

तलावपाळी_कट्टा
घोडबंदरवाल्यांनी लोकलवर बोलू नये. तुमचं आयुष्य गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेकवर पाय ठेवून चाललंय.

घोडबंदरचा_निशाचर
वैयक्तिक जायचं काम नाही. तू आजवर एक तरी गेम संपवलायस का?

तलावपाळी_कट्टा
'डिस्को एलिझियम', दोनदा. २०१९ चा. लढाईची वेगळी स्क्रीनच नाही त्यात. संवाद चालू असतानाच दोन फासे पडतात, लाल चेक (फाशांवरची लाल खुणेची परीक्षा) एकदाच मिळतो, हुकला की हुकला. तरी गोष्ट बहुतेक वेळा पुढेच जाते. म्हणजे तू पहिल्या पोस्टमध्ये म्हणालास तेच. घे, दिलं तुला. आता रात्रभर नाच.

वाशी_सेक्टर१७
मी 'काढून टाका' लिहिलं होतं, ते 'आईला खेळता येईल अशी ठेवा' असं वाचा. माघार वगैरे समजू नका.

आणि @ऐरोली, तुमचा प्रसंग आईला वाचून दाखवला. विचारतेय, "'सरकता का' कशाला? 'अगं बाळा, गुडघा दुखतोय' म्हणायचं बटण कुठंय?"

ऐरोली_तिसरा_मजला
हे भारी आहे, घेतो. पण मग त्या बसणार आणि दारातलं बोलणं हुकणार.

वाशी_सेक्टर१७
ती म्हणतेय, "मला बसूनही सगळं ऐकू येतं."