‘ला बायादेर’ म्हणजे आपलं शाकुंतल? मुळीच नाही!

रानजाई: काल एक पोस्ट फिरत होती, ‘रशियन बॅले ला बायादेर म्हणजे आपलं शाकुंतल, अभिमान बाळगा.’ कसला अभिमान? मारियुस पेतिपानं १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला हा बॅले बसवला, भारतात कधी पाऊलही न ठेवता. कालिदासाचं त्यात दिसतं ते राजाचं नाव, दुग्मंत. बाकी देवळातली नर्तकी निकिया, तिच्यावर डोळा ठेवून असलेला महाब्राह्मण, फुलांच्या परडीत दडवलेला साप. शकुंतला कुठे आहे यात?

मध्यलय: अर्धीच माहिती देताय. पेतिपाचा थोरला भाऊ ल्युसियँ यानं १८५८ साली पॅरिस ऑपेरात शाकुंतलावरच बॅले बसवला होता. संहिता फ्रेंच लेखक थेओफिल गोतिएची. धागा तिथून येतो.

रानजाई: बरं, नातं आहे, धरून चालू. म्हणून धाकट्याचा बॅलेही शाकुंतल ठरत नाही.

घुंगुर: कालिदासावरून भांडताय, पण गोतिएनं जिला प्रत्यक्ष नाचताना पाहिलं तिचं नाव कुणी घेत नाही. अमनी. पुद्दुचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमची देवदासी, १८३८ साली पॅरिसला गेलेली. माझी पणजी गोव्यातल्या कलावंत घराण्यातली, देवळात गायची. तिचा एकुलता एक फोटो आजीनं ट्रंकेत लुगड्याच्या घडीखाली दडवला होता, मुलींची लग्नं मोडू नयेत म्हणून. आता सांगा, कुणी कशाचा अभिमान बाळगायचा?

पडदावर: भावना समजल्या, पण विषय बॅलेचा आहे.

घुंगुर: नायिका देवदासी आहे ना? मग विषय हाच आहे. मला गप्प बसवू नका!

पडदावर: मग प्रयोगच बंद करा! २०१९ मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरच्या प्रयोगासाठी काळा रंग फासलेल्या मुलींचा फोटो अमेरिकन बॅले नर्तकी मिस्टी कोपलँडनं पुढे आणला, तेव्हाही असाच गदारोळ. मी या बॅलेतला ‘छायांचं राज्य’ हा प्रवेश प्रत्यक्ष पाहिलाय. अंधारातून उतरणीवर पांढऱ्या वेशातली एक नर्तकी येते, पाय मागे उचलून पुढे झुकते, सरळ होऊन मागे वाकते, दोन पावलं चालते. मागून दुसरी, तिसरी, सगळ्या तेच करत संथपणे उतरतात. रडू आलं मला.

रानजाई: बंद करा असं कोण म्हणालं? तो प्रवेश अजोडच आहे. पण तो इटालियन कवी दांतेच्या ‘स्वर्ग’ या काव्यासाठी फ्रेंच चित्रकार दोरेनं काढलेल्या चित्रांवरून सुचलेला, भारतातून नव्हे. आणि रंग फासणं थांबलंच पाहिजे. त्यानं नाच तसूभरही चांगला होत नाही.

पडदावर: रंगाचं सोडा, तेवढं पटलं. बाकी नाही.

घुंगुर: साप चावल्यावर महाब्राह्मण निकियाला उतारा देऊ करतो, ती त्याची होणार असेल तर. ती नाकारते आणि मरते. देवळातल्या बाईची ही कोंडी पेतिपानं नेमकी पकडली, एवढं श्रेय देते त्याला. आता प्रत्येक प्रयोगाच्या पुस्तिकेत पेतिपाच्या शेजारी अमनीचंही नाव छापा.