चौकटी भरल्या जातात, पण घटनाक्रम कळत नाही. मदत हवी आहे

तिसरीला भाषा शिकवते. गोष्टीतला घटनाक्रम लावायला ग्राफिक ऑर्गनायझर वापरतेय. साधाच आहे: चार चौकटी, मध्ये बाण, वर ‘आधी, मग, त्यानंतर, शेवटी’. मुलं भराभर भरतात. अडचण अशी, की ती घटनांचा क्रम लावत नाहीत, वाक्यांचा लावतात. उताऱ्यात जे आधी दिसलं ते पहिल्या चौकटीत.

परवाच्या उताऱ्यात वाक्य होतं, ‘शाळेला निघण्याआधी मीनाने रोपाला पाणी घातलं.’ निम्म्याहून जास्त वर्गाने पहिल्या चौकटीत शाळा लिहिली, दुसरीत पाणी. ‘आधी’खाली रेघ मारून घेतली होती, तरीही! तेच ‘पाणी घालून मीना शाळेला निघाली’ असं असतं तर कुणीच चुकलं नसतं आणि मी समजून चालले असते की सगळ्यांना येतंय.

दुसरी पंचाईत फुलपाखराची. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असं सरळ रेषेत लिहून घेतलं, तर एकाने विचारलं, “मग पहिलं अंडं कुठून आलं?” रास्त प्रश्न. माझ्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती.

चौकटी किती हव्यात हे मुलांनाच ठरवू द्यावं का? चार दिल्या की पाच घटनांची गोष्टही चारांतच कोंबतात. आणि एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टी कुठे लिहायच्या? रंगीत नमुन्यांच्या लिंका नकोत प्लीज, त्या ढीगभर आहेत. वर्गात काय चाललं ते सांगा.

प्रतिसाद १
लिहायला नंतर द्या, आधी हलवायला द्या. एका चिठ्ठीवर एक घटना. चौकटीत लिहिलेलं खोडायचा मुलांना भारी कंटाळा, चिठ्ठी सरकवायला काही लागत नाही. चौकटी शेवटी, जितक्या चिठ्ठ्या तितक्या. लावून झालं की दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करून विचारा, “असं घडू शकेल?” काही जोड्या उलटसुलट चालतात हेही तेव्हाच कळतं. एकाच वेळचं असेल ते शेजारी न ठेवता एकाखाली एक. फुलपाखराला गोल तक्ता, शेवटचा बाण परत अंड्याकडे.

‘निघण्याआधी’साठी रेघा मारून उपयोग नाही. विचारा, “मीना वाटेत असताना कुंडीतली माती ओली होती की कोरडी?” एवढ्यावर बरीच मुलं स्वतःहून चिठ्ठी उचलतात.

धागाकर्ती
ओली-कोरडी उद्याच विचारते. चिठ्ठ्या गटात देता की एकेकट्याला?

प्रतिसाद १
जोडीने. तिघं झाली की एक जण नुसता बघत बसतो.

प्रतिसाद २
चिठ्ठ्यांवर आकडे टाकू नका. आमच्याकडे कुणीतरी मागच्या बाजूला टाकले होते, दोन मिनिटांत सगळ्यांचं बरोबर!