ॲड_डिस्क कॉल केलं की मॉड्यूल लटकतं

लिनक्स कर्नलसाठी रॅमडिस्कचा (मेमरीतच ठेवलेल्या डिस्कचा) छोटा ड्रायव्हर लिहितोय, रजिस्टर_ब्लॉकडेव्हला ० दिला तर मेजर नंबर (ड्रायव्हरचा ओळख क्रमांक) नीट मिळतो, पण ॲड_डिस्कवर, म्हणजे डिस्क सिस्टीममध्ये नोंदवणाऱ्या फंक्शनवर, इन्समॉड (मॉड्यूल लोड करायची कमांड) तिथेच अडकतं आणि दुसऱ्या टर्मिनलवर डिस्कची साईझ १६ एमबीऐवजी ८ जीबी दिसते. कुठे बघू?

उत्तर १
साईझचं सोपंय, सेट_कपॅसिटीला बाइट्स नाही, ५१२ बाइट्सचे सेक्टर द्यायचे, म्हणजे तुझ्यासाठी ३२७६८. डिस्कचा ब्लॉक ४०९६ असला तरी हिशोब ५१२ चाच.

उत्तर २
लटकायचं कारण असं की ॲड_डिस्क परत यायच्या आधीच डिस्क लाइव्ह होते, कर्नल लगेच पार्टिशन टेबल वाचायला जातो आणि ती पहिली रिक्वेस्ट तुझ्या क्यू_आरक्यूमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये) येते. तिथे ब्लॉक_एमक्यू_एंड_रिक्वेस्ट (रिक्वेस्ट पूर्ण झाल्याचं कळवणारा कॉल) होतंय का बघ, नाहीतर कर्नल वाट बघत बसणार. म्हणून टॅग सेट (रिक्वेस्टच्या क्यूची मांडणी), क्यू, बफर, लॉक सगळं आधी तयार हवं, ॲड_डिस्क एकदम शेवटी. त्याची रिटर्न व्हॅल्यूपण तपास रे, प्लीज, बरेच जण सोडून देतात.

उत्तर ३
मॉड्यूल काढताना आधी डेल_जेनडिस्क (डिस्कची नोंद काढणं), मग पुट_डिस्क (डिस्कचा संदर्भ सोडणं), मग टॅग सेट फ्री, मेजर नंबर सर्वात शेवटी.

मूळ प्रश्नकर्ता
एंड_रिक्वेस्ट फक्त राइटच्या फांदीत होतं, रीडमध्ये नव्हतंच! आता लोड होतंय, थँक्स.