मोठी शिंगं म्हणजे म्हातारा नर नव्हे

'सगळ्यात मोठ्या शिंगांचाच नर मारावा, तो म्हातारा झालेला असतो, कळपाचं नुकसान होत नाही' हे शिकारीतलं म्हणणं प्राँगहॉर्नला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या हरणासारख्या प्राण्याला, लागू पडत नाही. त्याच्या शिंगावरचं आवरण दरवर्षी माजाचा हंगाम संपला की गळतं आणि आतल्या हाडावर नवीन वाढतं. त्यामुळे दोन-तीन वर्षांचा नरसुद्धा भरघोस शिंगं मिरवतो, आणि खरा म्हातारा कधीकधी त्याच्यापेक्षा तोकडा दिसतो. वायोमिंगमध्ये एका सहकाऱ्याबरोबर गेलो होतो, तेव्हा त्याने टिपलेला नर आम्हा दोघांनाही पोक्त वाटला होता. जबडा उघडून पाहिला तर समोरच्या दातांतले कडेचे दात अजून दुधाचेच, इवलेसे. जेमतेम अडीच वर्षांचा असेल. मला फार वाईट वाटलं.

शिंगं किती मोठी हे ओळखायला त्यांची कानाशी तुलना करायची युक्ती बरोबरच आहे. कान साधारण 6 इंचांचा, म्हणून शिंग त्याच्या दुपटीहून जास्त हवं आणि शिंगाला पुढच्या बाजूला येणारा फाटा कानाच्या टोकाच्या वर फुटलेला हवा. पण नुसत्या उंचीला भुलू नका. बून अँड क्रॉकेट या शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी क्लबच्या मोजणीत प्रत्येक शिंगाचा घेर चार ठिकाणी घेतात, त्यामुळे उंच पण काटकुळं शिंग मागे पडतं. टोक आत वळलेलं असेल तर लांबी दिसते त्यापेक्षा जास्त भरते. आणि मादीच्या शिकारीचा परवाना असेल तर शिंगं नव्हे, गाल बघा. मादीलाही छोटी शिंगं येतात, जबड्याखालचा काळा पट्टा मात्र नरालाच असतो.